फटफटीवरचा माणूस अंधारात दिसावा कसा?



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या भागातल्या रस्त्यांना रात्र म्हणून उरत नाही. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्या काट्याकडे चाललेल्या असतात, नाहीतर रिकाम्या होऊन परत येत असतात. त्याच रस्त्याने आपला सभासद फटफटीवर बसून निघालेला असतो. कुणाच्या विहिरीवर रात्रपाळीची वीज असते, कुणाला तोडीची टोळी फडात आली की नाही ते पाहायचे असते, कुणी पहाटे डेअरीला दूध घालायला जातो. या मंडळींसाठी हा लेख आहे. गाडी कशी चालवावी हे आम्ही सांगणार नाही, ते तुम्हाला आमच्यापेक्षा बरे येते. तुम्ही दुसऱ्या ड्रायव्हरला दिसता का, आणि दिसत नसाल तर काय करावे, एवढाच विषय आहे.

हा विषय सुचला तो आमच्याच हातून होणाऱ्या एका अपघातामुळे. मागच्या हंगामात रात्री दहाच्या सुमारास आम्ही जीपने गट ऑफिसकडे परत येत होतो. डांबरी रस्त्यावरून उजव्या हाताला वळायचे होते. समोर एक दिवा दिसत होता. आम्हांला वाटले, लांब कुणाच्या तरी वस्तीवरचा बल्ब आहे. ड्रायव्हरलाही तसेच वाटले असावे, कारण त्याने जीप वळवली. आणि तो बल्ब एकदम अंगावर आला. दोन्हीकडून ब्रेक लागले. दोन हातांचे अंतर राहिले, म्हणून आज हे लिहितो आहोत. फटफटीवर आपले एक वयस्कर सभासद होते, काळा स्वेटर घातलेला, वर घोंगडी, मागे मक्याच्या वैरणीचा भला मोठा भारा. आम्ही चूक कबूल केली. ते म्हणाले, "साहेब, माझा दिवा चालूच होता की!"

खरे होते. पुढचा दिवा चालू होता. मग आम्ही बॅटरी घेऊन गाडीच्या मागे गेलो. मागचा लाल दिवाही चालू होता, पण भाऱ्याच्या आत. वैरण बाजूला सारली तेव्हा दिसला. म्हणजे गाडीचे दोन्ही दिवे शाबूत असून तात्या समोरून वस्तीवरचा बल्ब होते, आणि मागून काहीच नव्हते.

एकच दिवा का फसवतो

मोटारीला किंवा ट्रॅक्टरला पुढे दोन दिवे असतात. वाहन जवळ येते तसे त्या दोन दिव्यांतले अंतर वाढत जाते. आपल्या डोळ्याला त्यावरूनच कळते की हे काहीतरी येत आहे आणि इतक्या वेगाने येत आहे. फटफटीला दिवा एकच. तो लांबवर असला काय आणि जवळ असला काय, ठिपक्याचा ठिपकाच. तो मोठा होतो, पण इतका हळूहळू की अगदी जवळ येईपर्यंत ध्यानात येत नाही. शिवाय लहान वस्तू लांब आणि सावकाश आहे असे मानण्याची डोळ्याची खोडच आहे. त्यामुळे वळणाऱ्या ड्रायव्हरला वाटते, अजून वेळ आहे.

या गोष्टीचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस भागात मोटारसायकलचे सुमारे ९०० अपघात जागेवर जाऊन तपासण्यात आले, त्याचा अहवाल १९८१ साली निघाला. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोन तृतीयांश टकरींत मोटारवाल्याने मोटारसायकलच्या वाटेत गाडी घातली होती, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे त्याला मोटारसायकल दिसलीच नाही, किंवा दिसली तेव्हा उशीर झाला होता. ब्रिटनमध्ये रॉयल हॉलोवे येथील संशोधकांनी २०१२ साली आणखी एक गोष्ट दाखवून दिली. अंधारात एका दिव्याच्या मोटारसायकलचा वेग लोकांना नीट ओळखता येत नाही. त्याच गाडीला मुख्य दिव्याखेरीज आणखी दोन लहान दिवे असे लावले की तिघांचा त्रिकोण व्हावा, तर वेगाचा अंदाज बराच सुधारतो. मुद्दा असा की, एकच दिवा अधिक प्रखर करण्यापेक्षा दोन-तीन लहान दिवे अंतराअंतरावर असणे जास्त उपयोगाचे. आपल्याकडे नेमके उलटे चालते. पोरे एक पांढराशुभ्र डोळे दिपवणारा दिवा लावतात. समोरचा त्याने आंधळा होतो आणि त्याच्या मागून येणाऱ्या बैलगाडीवर जाऊन आदळतो.

हे प्रकरण किरकोळ नाही. २०२२ साली भारतात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती, म्हणजे शंभरातली चव्वेचाळीसहून जास्त. ही सगळी माणसे न दिसल्यामुळे गेली असे आम्ही म्हणत नाही. दारू, वेग, हेल्मेट नसणे, खड्डे ही कारणेही आहेतच. पण न दिसणे हे असे कारण आहे की ज्यावरचा उपाय स्वतःच्या हातात आहे आणि त्याला खर्च फार नाही.

दीडशे फुटांचा हिशेब

थोडा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटरने येणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर, म्हणजे ५५ फूट जाते. काहीतरी आडवे आहे हे ध्यानात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढ्यात ८० फूट संपले. पुढे कोरड्या डांबरावर, ब्रेक चांगले असताना, गाडी थांबायला आणखी सत्तर-पंचाहत्तर फूट. एकूण दीडशे फुटांच्या वर. आता डिप्परच्या उजेडात काळ्या कपड्यातला माणूस किती लांबून दिसतो? शंभर फुटांच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी. शंभर फुटांवर दिसला आणि गाडी दीडशे फुटांवर थांबणार, तर मधल्या पन्नास फुटांत काय होणार ते सांगायला नको. आणि हा हिशेब मोटारीचा झाला. उसाने भरलेला ट्रक याहून लांब जाऊन थांबतो.

चमकणारी पट्टी अंगावर असेल तर तोच माणूस चारपाचशे फुटांवरून दिसतो. म्हणजे ड्रायव्हरला विचार करायलाही वेळ मिळतो.

'रेडियम' म्हणजे काय

या पट्टीला आपण 'रेडियम' म्हणतो. दुकानाच्या पाटीवरही तेच लिहिलेले असते. वास्तविक तिच्यात रेडियम नाही. पूर्वी घड्याळांच्या काट्यांना खरे रेडियम लावीत, ते अंधारात स्वतः उजळत असे. त्यावरून हे नाव चिकटले. आपली पट्टी स्वतः मुळीच उजळत नाही. तिच्यावर काचेचे अतिबारीक मणी किंवा प्लॅस्टिकचे बारीक कोपरे बसवलेले असतात. उजेड ज्या दिशेने आला त्याच दिशेने ते तो परत पाठवतात. आरसा तसे करीत नाही, तो उजेड भलतीकडे फेकतो.

हे घरी करून पाहण्यासारखे आहे. अंधारात पट्टीचा कपडा दोरीवर टाका आणि पन्नास पावले मागे या. बॅटरी हात लांब करून बाजूला धरली तर पट्टी बेताचीच दिसते. तीच बॅटरी कपाळाला, डोळ्याशेजारी धरली की पट्टी पेटल्यासारखी होते. कारण उजेड जिथून गेला तिथेच परत येतो आणि तिथेच तुमचा डोळा आहे. मोटारीचे दिवे आणि ड्रायव्हरचे डोळे एकाच बाजूला असतात, म्हणून त्याला ती चमकते.

यातूनच पट्टीची कमतरताही कळते. जिच्यावर दिवा पडत नाही ती पट्टी म्हणजे नुसते कापड. आडव्या पाणंदीतून तुम्ही डांबरी रस्त्यावर चढता तेव्हा मोटारीचा झोत सरळ पुढे असतो, तुमच्यावर नसतो. बिनदिव्याच्या बैलगाडीलाही तुम्ही दिसत नाही, पण ती सावकाश असते म्हणून निभावते. अशा ठिकाणी पट्टी कामाची नाही, स्वतःचा दिवाच हवा. म्हणून दोन्ही पाहिजेत.

आणखी एक घोटाळा होतो तो भडक रंगाच्या जाकिटाचा. रस्त्याच्या कामावरचे मजूर घालतात ते पोपटी किंवा नारिंगी जाकीट दिवसा लांबून उठून दिसते. उन्हातल्या, डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांनी त्याचा रंग जास्त उजळतो. मोटारीच्या दिव्यात ते किरण जवळजवळ नसतात. त्यामुळे रात्री तो भडकपणा मावळतो आणि काम करते ती जाकिटावरची चंदेरी पट्टी. बाजारात पट्टीशिवायची स्वस्त जाकिटेही मिळतात, ती रात्रीसाठी घेऊ नयेत. रंगाविषयी आमचे मत विचाराल तर आपल्या भागात नारिंगी घ्यावा. दोन्ही बाजूंनी हिरवागार ऊस उभा असताना पोपटी जाकीट त्यात मिसळून जाते.

पांढरा शर्ट पुरतो का

पुष्कळ सभासद म्हणतील, आम्ही तर पांढरे कपडे घालतो, डोक्याला पांढरी टोपी असते, आम्हांला कशाला जाकीट? न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे अपघातात सापडलेले मोटारसायकलवाले आणि न सापडलेले मोटारसायकलवाले यांची तुलना करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. चमकणारे किंवा भडक जाकीट घालणाऱ्यांना जखमी होण्याचा धोका ३७ टक्क्यांनी कमी आढळला. काळ्या हेल्मेटपेक्षा पांढऱ्या हेल्मेटवाल्यांना २४ टक्क्यांनी कमी, आणि दिवसा पुढचा दिवा चालू ठेवणाऱ्यांना २७ टक्क्यांनी कमी. पण साध्या कपड्याच्या रंगाने काही फरक पडलेला दिसला नाही. म्हणजे पांढरा नेहरू शर्ट स्वच्छ दिसतो, पण त्याच्यावर विसंबू नये. हेल्मेट मात्र नवीन घ्याल तेव्हा पांढरेच घ्या. त्याला वेगळा खर्च नाही.

दिवसाच्या दिव्यावरून आठवले. १ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशात नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेतोवर चालूच राहतो, त्याला बंद करायचे बटण नाही. काही मंडळी मेकॅनिककडून मुद्दाम बटण बसवून घेतात, म्हणे बॅटरी उतरते. इंजिन चालू असताना बॅटरी भरली जात असते. चांगली सोय पैसे देऊन बिघडवण्यातला हा प्रकार आहे.

अंगावरचा दिवा

आता मुख्य भागाकडे येऊ. आपला सभासद फटफटीवर एकटा क्वचितच असतो. मागे वैरण असते, वाढ्यांची मोळी असते, दुधाच्या किटल्या असतात, खताचे पोते असते. पावसाळ्यात रेनकोटचा घोळ मागच्या दिव्यावर लोंबतो. कंपनीने दिलेला लाल दिवा या सगळ्यांच्या खाली दडतो. म्हणून आमचे म्हणणे असे की, मागचा एक दिवा माणसाच्या अंगावर, ओझ्याच्या वर असावा. हेल्मेटच्या मागे किंवा जाकिटाच्या पाठीवर, खांद्यांच्या मध्ये. उंचावरचा दिवा पुढच्या गाडीच्या टपावरूनही दिसतो, हा आणखी एक फायदा.

सायकलच्या दुकानात चिमट्याचा लहान लाल दिवा मिळतो, सेलवर किंवा चार्जिंगवर चालणारा. सुरुवातीला तो पुरेसा आहे. घेताना तो पावसात टिकेल असा घ्यावा. ओझे मोठे असेल तर आणखी एक दिवा ओझ्याच्याच मागच्या टोकाला बांधावा. भाऱ्याच्या दोरीला असा चिमटा सहज बसतो. दिवा लुकलुकता ठेवावा की स्थिर? लुकलुकता लवकर नजरेत भरतो, पण त्याच्यावरून अंतराचा अंदाज नीट येत नाही. आमच्या मते गाडीचा लाल दिवा झाकला गेला असेल तर अंगावरचा स्थिर ठेवावा. गाडीचा दिसत असेल तर अंगावरचा लुकलुकता चालेल.

रंगाचा नियम पक्का ध्यानात ठेवा. पुढे पांढरा किंवा पिवळा, मागे लाल. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणेही वाहनाने पुढच्या बाजूला लाल दिवा दाखवू नये आणि मागच्या बाजूला लालशिवाय दुसरा दाखवू नये. यात कायद्यापेक्षा शहाणपणाचा भाग मोठा आहे. रात्री पाणी पाजायला जाताना बरेच जण कपाळाला चार्जिंगची बॅटरी बांधतात. शेतात ती फार सोयीची. पण गाडीवर ती तशीच चालू राहिली तर समोरच्याचे डोळे दिपतात. काही जण ती उलटी फिरवून डोक्याच्या मागे नेतात, मागच्याला दिसावे म्हणून. मागून येणाऱ्याला पांढरा दिवा दिसला की त्याला वाटते, समोरून कुणी येते आहे. तो भलत्या बाजूला गाडी घेतो. म्हणून गाडीवर बसताना कपाळाची बॅटरी बंद करून खिशात टाकावी.

गाडीच्या बॅटरीवरून जाकिटावरच्या दिव्यांना वायर घेण्याची हौस काही तरुण सभासदांना आहे. त्यात वीज फार जात नाही. एक वॅटचा एलईडी दिवा १२ व्होल्टवर एक दशांश अँपिअरहून कमी घेतो. पण तीन गोष्टी सांभाळाव्यात. बॅटरीजवळ लहान फ्यूज असावा, नाहीतर वायर कुठे घासून उघडी पडली तर गाडी पेटेल. वायर आणि जाकीट यांच्यामध्ये ओढले की आपोआप सुटणारी पिन असावी. उतरताना विसरलात किंवा पडलात तर गाडीला बांधलेले राहू नये. आणि पाठीवर, मणक्यावर किंवा छातीवर सेलची कठीण डबी ठेवू नये. पडल्यावर ती अंगात रुतते. एवढी दगदग नको असेल तर चिमट्याचा दिवा बरा.

हेल्मेटला दिवा बसवताना स्क्रूसाठी भोक कधीही पाडू नये. भोक पडलेले कवच टोला झेलताना तिथूनच तडकते. थिनर, पेट्रोल लावून ते पुसू नये, मन मानेल तो ऑइलपेंट फासू नये, प्लॅस्टिकचे कवच त्याने आतून कमजोर होते आणि वरून काही कळत नाही. दिवा पट्ट्याने अडकवावा किंवा चिकटपट्टीवर असा बसवावा की धक्का लागताच निघून पडेल. रेडियमची पट्टी हेल्मेटच्या मागे आणि दोन्ही बाजूंना चिकटवावी. बाजूंची पट्टी चौकात कामी येते. आणि हेल्मेट आयएसआयचेच हवे. १ जून २०२१ पासून त्या शिक्क्याशिवायचे दुचाकीचे हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याकडेला टोपलीवजा हेल्मेटे मिळतात. त्यांना पट्टी लावून काही साधत नाही.

गाडीवरून उतरल्यावर

शेवटची गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. गाडी पंक्चर होते, पेट्रोल संपते, किंवा गाडी बांधावर लावून माणूस रस्त्याच्या कडेने पंपाकडे चालत निघतो. तेव्हा तो गाडीवर होता त्याहूनही कमी दिसतो, कारण आता दिवाच नाही.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये रात्री बंद रस्त्यावर ड्रायव्हरांची परीक्षा घेण्यात आली. त्याचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. रस्त्यावर सायकलवाले ठेवले होते. काळ्या कपड्यातला सायकलवाला शंभरातून दोन वेळा ओळखला गेला. पट्टी नसलेल्या भडक जाकिटातला १५ वेळा, चंदेरी पट्टीचे जाकीट घातलेला ५० वेळा. आणि त्याच जाकिटाबरोबर गुडघ्यांना आणि घोट्यांना पट्ट्या बांधलेला ९० वेळा. चार लहान पट्ट्यांनी पन्नासाचे नव्वद झाले! कारण हलणारे पाय. अंधारात दोन ठिपके पायांसारखे वरखाली होताना दिसले की हा माणूस आहे हे डोळ्याला क्षणात कळते. नुसती चौकोनी पट्टी दिसली तर ती मैलाचा दगडही असू शकते.

फटफटीवर बसलेल्याचे पाय हलत नाहीत, त्यामुळे चालत्या गाडीवर या पट्ट्यांचा एवढा फायदा होणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण उतरून चालू लागलात, गाडी ढकलत निघालात, की त्यांच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. घोट्याला बांधायच्या पट्ट्या चिकटबंदाच्या मिळतात. घरीही शिवता येतात. गमबूट असतील तर त्यांच्या टाचेवर आणि वरच्या काठाला पट्टी चिकटवावी, म्हणजे रोज बांधायची आठवण ठेवावी लागत नाही. हात दाखवून वळायची सवय असेल तर एक पट्टी मनगटालाही असू द्यावी. गाडीवर असताना हलणारा अवयव तेवढाच.

ज्यांच्या जीपपुढे ते तात्या आले होते त्या आम्ही पुढच्याच आठवड्यात त्यांना एक जाकीट आणि चिमट्याचा दिवा नेऊन दिला. पंधरा दिवसांनी गाठ पडली तेव्हा दिवा लागलेला होता आणि जाकीट अंगात होते, पण वर घोंगडी! थंडीच एवढी होती, त्यांचेही चुकले नाही. मग त्यांच्या सुनेने घोंगडीच्या पाठीलाच दोन पट्ट्या शिवून टाकल्या. आम्हांला हे सुचले नव्हते. जो कपडा सर्वांत वर असतो त्यालाच पट्टी हवी, मग ती घोंगडी असो, रेनकोट असो की मुलीच्या शाळेचे दप्तर.

पट्टी चिखलाने, डिझेलने आणि मळीच्या डागांनी आंधळी होते. साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने धुवावी. दगडावर आपटू नये, ब्रशने घासू नये, इस्त्री फिरवू नये. मण्यांचा थर खरवडला गेला की पट्टी दिवसा चंदेरी दिसते, पण रात्री मेलेली असते. ती जिवंत आहे की नाही हे पाहायला बॅटरी कपाळाला लावायची, वर सांगितली तशीच. मिणमिणती वाटली तर नवीन पट्टी शिवावी.